लातूरची आडत: माल विकायला चोख, पैसे उचलायला महाग

लातूरच्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातलं, आडत दुकान (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारी पेढी) बाहेरून सारखंच दिसतं: पुढे ओटा, ओट्यावर सोयाबीनचे ढीग, आत गादी, गादीवर शेठ, बाजूला मुनीम. पण एका गादीवरून तीन कामं चालतात. तुमचा माल विकून देणं, पेरणीला उचल (आगाऊ पैसे) देणं आणि विकल्या मालाचे पैसे तुम्ही लगेच नेले नाहीत तर ते सांभाळणं. पहिलं काम लातूर चोख करतं. दुसरं बिनबोभाट करतं, पण त्याचं मोल भरपूर घेतं. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. हे परीक्षण दहा ते पन्नास क्विंटल सोयाबीन, तूर किंवा हरभरा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. शंभर क्विंटलवाल्याला शेठ चहा पाजून स्वतः उठून बाहेर येतो, त्याची चिंता नको.

विक्रीच्या कामाला एवढे गुण का? कारण इथे खरेदीदारांची गर्दी आहे. डाळ मिलवाले, तेलाच्या प्लांटचे दलाल, बाहेरच्या राज्यांतल्या पेढ्यांसाठी खरेदी करणारे, सगळे एकाच आवारात फिरतात. म्हणून औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर तर सोडाच, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून, शिवाय कर्नाटकातल्या बिदरकडूनही माल इकडे वळतो. हे आजचं नाही. १६ रस्ते एका गोलात आणून सोडणारी गंजगोलाई १९१७ च्या आराखड्यातली, निजामाच्या राजवटीतली. शहराची आखणीच बाजारासाठी झाली, आणि बाजार चालवणाऱ्या घरांच्या हातात पुढे शहराच्या बऱ्याच किल्ल्या आल्या.

आता माल उतरवण्यापासून पट्टीपर्यंतचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदापर्यंतचा क्रम. सकाळी लवकर टेम्पो लावा. आडत्याचा माणूस कट्टे मोजून नोंद घेतो, हमाल ढीग ओततात. सौद्यात पोटलीतला (छोट्या पिशवीतला) नमुना पाहून बोली लागते, आणि त्या दिवसाचा भाव म्हणून तोच आकडा मोबाइलवर फिरतो. इथे पहिली फसगत होते, आणि ती कुणी करत नाही, आपली आपणच करून घेतो. पोटलीचा भाव हा चांगल्या प्रतीचा भाव. तुमच्या ढिगाचा भाव ओलावा, काडीकचरा, डागी आणि फुटका दाणा बघून ठरतो. पोटलीचा आकडा धरून घरी हिशेब सांगून निघालेला माणूस दुपारी शेठशी भांडत बसतो.

भांडायचंच तर ओलाव्यावर भांडा, कारण तिथे आकडेमोड तुमच्या बाजूने आहे. सोयाबीनचा मान्य ओलावा १२ टक्के. समजा भाव ४,५०० रुपये आहे आणि तुमच्या मालात ओलावा १६ टक्के निघाला. १०० किलोत कोरडा माल ८४ किलो. १२ टक्क्यांच्या मालात तो ८८ किलो असतो. म्हणून रास्त भाव ८४ भागिले ८८ गुणिले ४,५००, म्हणजे ४,२९५ रुपये. १४ टक्के ओलावा असेल तर ४,३९८. खरेदीदार १६ टक्क्यांच्या मालाला ४,००० म्हणाला तर ओलाव्यापोटी २०५ रुपये खरे गेले, उरलेले २९५ त्याने तुमच्या घाईपोटी घेतले. थोडं जास्त कापण्यामागे त्याचाही मुद्दा असतो: ओला माल गोदामात तापतो, वाळवायला मजुरी लागते, बुरशीचा धोका राहतो. त्यासाठी पन्नास-साठ रुपये समजू शकतो. तीनशे नाही.

यंत्राचा आकडा डोळ्यांनी बघा. नमुना ढिगाच्या पोटातून घ्यायला लावा, वरच्या थरातून किंवा तळातून नको. तळाचा दाणा ओट्याच्या ओलीने फुगलेला असतो. एकाच नमुन्यावर न थांबता तीन ठिकाणचे नमुने मिसळून मोजायला सांगितलं तर बरीच दुकानं नाही म्हणत नाहीत. आणि खरा उपाय घरचा: मळणीनंतर ताडपत्रीवर पातळ थर देऊन दोन कडक उन्हं खाऊ घातली आणि घरीच चाळणी मारून माती-काडी काढली, तर मोंढ्यात घासाघीस करायची वेळच येत नाही. चाळणीतून निघणाऱ्या मातेऱ्याचं वजन जाईल म्हणून हळहळणारे आहेत. पण खरेदीदार मातेरं बघून संपूर्ण ढिगाचा भाव पाडतो, नुसत्या मातेऱ्याचा नाही.

ताडपत्री मोंढ्यातही न्या. परतीचा पाऊस आला की उघड्यावरचे ढीग भिजतात, आणि वजन होईपर्यंत माल तुमचा असतो, ना आडत्याचा ना खरेदीदाराचा. एवढी उलाढाल असलेल्या बाजारात झाकलेले ओटे आणि वाळवायची जागा पुरेशी का नसावी, हा प्रश्न बाजार समितीला आणि व्यापाऱ्यांना सारखाच लागू आहे. गादीच्या वर स्लॅब झाला, पुढच्या ढिगावर पत्रा आला नाही.

वजनात पूर्वीसारखी उघड मारामार नाही. इलेक्ट्रॉनिक काटे आले. तरी काट्यावर कट्टा चढण्याआधी शून्य दिसतं का ते पाहा. गळती आता काट्यात नसून कपातीत आहे. माल साधारण एक किलो वजनाच्या ज्यूटच्या मोठ्या गोणीत यायचा, तेव्हापासून दर पोत्यामागे एक किलो वजा करायची सवय पडली. आज माल येतो प्लास्टिकच्या कट्ट्यात, आणि त्याचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. ४० कट्ट्यांना एक-एक किलो कापलं तर ४० किलो गेले. रिकाम्या कट्ट्यांचं खरं वजन पाच किलो. ३५ किलोचा फरक ४,५०० च्या भावाने १,५७५ रुपये होतो, म्हणजे बऱ्याच गावांतून आलेल्या टेम्पोचं भाडं. उपाय एका मिनिटाचा आहे: दहा रिकामे कट्टे एकत्र काट्यावर ठेवा आणि दहाने भागा. त्यावर ‘कडता’ म्हणून आणखी काही कापत असतील तर ती सूट कोणत्या नियमात बसते ते विचारा. बसत नाही.

मग पट्टी. पट्टीवर तुमचं नाव, खरेदीदाराचं नाव, कट्टे, निव्वळ वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम एवढं स्पष्ट हवं. हमाली-तोलाईचे दर समितीने ठरवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघा. खरेदीदाराचं नाव नुसतं वाचू नका, लक्षात ठेवा. आडत्या आणि खरेदीदार एकाच घरातले असतील, म्हणजे आडत एका भावाच्या नावे आणि खरेदीची पेढी दुसऱ्याच्या, तर तुमच्या वतीने भाव चढवायचं काम करणाऱ्यालाच तो चढू नये असं वाटणार. असं दुकान बाद. साध्या कागदावर आकडे खरडून देणारंही बाद, मग शेठ कितीही गोड बोलो.

पैशांच्या वेळी ‘रोख हवे की पंधरा दिवसांनी?’ असं विचारलं जातं. रोखीला वटाव लागतो, म्हणजे लगेच पैसे देण्यापोटी रकमेतून कपात होते. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पंधरा दिवस आधी मिळण्यासाठी एक टक्का म्हणजे वर्षाला २४ टक्के. २५ क्विंटल, ४,५०० भाव, १,१२,५०० रुपयांच्या पट्टीवर ११२५ रुपये. मुळात मालाचे पैसे वेळेत मिळणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी सूट द्यायची गोष्टच नाही. खात्यावर जमा करायला सांगा. ज्यांची पेढी भक्कम आहे ते वटाव न कापता एक-दोन दिवसांत टाकतात, आणि दुकान निवडताना ओळखीपेक्षा हीच कसोटी लावावी.

आता उचल. मोंढ्याचं खरं बळ आणि खरी वसुली इथे आहे.

जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी एकदम अंगावर येते. बँकेत थकबाकी असली, वाटणीचा फेरफार अडकला असला, सातबाऱ्यावर चार नावं असली की पीककर्जाची फाइल हलत नाही. आडत्या मात्र गादीवरून उठून कपाटातून पन्नास हजार काढून देतो. कागद नाही, जामीन नाही, फक्त वहीत नाव. दवाखान्याला रात्री पैसे लागले तरी फोन त्यालाच जातो. दुष्काळात पीक गेलं तर तो खातं पुढच्या हंगामावर ओढतो, जमीन लिलावात काढत नाही. ही सेवा कुठलीही सरकारी योजना या वेगाने देत नाही, म्हणून शेतकरी तिला नावं ठेवत-ठेवत तिथेच जातो.

पण हिशेब मांडा. १० जूनला ५०,००० घेतले, दर शेकडा दोन महिना. २५ ऑक्टोबरला माल आणून फेडले. साडेचार महिने झाले, पण मोडता महिना पूर्ण धरायची रीत असल्यामुळे पाच महिन्यांचे ५,००० व्याज. उचल घेतली म्हणून माल त्याच दुकानात घालायचा, मग शेजारच्या दुकानात क्विंटलला ५० रुपये जास्त मिळत असले तरी बघत राहायचं: २५ क्विंटलचे १,२५०. वटावाचे ११२५. एकूण ७,३७५. पन्नास हजारांवर साडेचार महिन्यांचे हे पैसे वर्षाच्या मानाने शेकडा ३९ पडतात. वहीत मात्र ‘शेकडा दोन’ एवढंच लिहिलेलं असतं. सावकारी नियमन कायदा २०१४ नंतर परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि बिनतारण १२ टक्क्यांपर्यंतच व्याजाची मुभा आहे. शेठ याला कर्ज म्हणत नाही, आगाऊ रक्कम म्हणतो. व्याज मात्र कर्जाचंच लावतो.

आणि उचलीतली सगळ्यात मोठी किंमत कुठेच लिहिलेली नसते: थांबता येत नाही. आवक टिपेला असते तेव्हाच माल घालावा लागतो. त्याच घरातल्या कृषी सेवा केंद्रातून उधारीवर बी-खत घेतलं असेल तर पिशवीवरची छापील किंमत आणि वहीतली किंमत ताडून पाहा, आणि मागितलं नसलेलं एखादं द्रावण यादीत घुसलंय का तेही.

पर्याय आहेत. पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. म्हणजे ३९ विरुद्ध शून्य. फाइल उन्हाळ्यातच पुढे सरकवा, जूनच्या रांगेत उभं राहू नका. दुसरा पर्याय पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्या. २५ क्विंटलवर ८४,३७५ रुपये मिळतील आणि १८० दिवसांचं व्याज सुमारे २,५०० होईल, क्विंटलला शंभर रुपये. म्हणजे भाव शंभर रुपये आणि वाळून घटणाऱ्या वजनाइतका वाढला तरच फायदा. तारण ठेवलं म्हणजे भाव वाढतो असं नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनने दहा हजारांचा आकडा पाहिला, आणि त्याच्या आशेवर पुढच्या हंगामांत घरात थप्प्या लावून बसलेल्यांनी शेवटी निम्म्यात विकलं. तारणाचा उपयोग उचल फेडून मोकळं होण्यासाठी आणि आवकेची लाट ओसरेपर्यंत दम धरण्यासाठी करावा, जुगारासाठी नको.

भाव पडला की शिव्या आडत्याला बसतात, तिथे थोडा न्याय त्यालाही द्यायला हवा. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं सुमारे १८ किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड. म्हणून भाव ठरतो पेंडीच्या निर्यातीवर, कोंबडीखाद्याच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयातशुल्कावर. इथेनॉल कारखान्यांतून मका-तांदळाचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात शिरला आणि पेंडीची मागणी घटली. त्यात लातूरच्या गादीचा हात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवल्यावर पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचं एक साधनही गेलं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. नोव्हेंबरात केंद्राने हमीभावाच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली, तरी नोंदणी, बारदाना (रिकामी पोती) आणि पैशांची वाट या अडथळ्यांत अनेकांनी मोंढाच गाठला.

पण आडतवर्ग अगदीच हतबल आहे असंही नाही. बाजार समितीच्या १८ जणांच्या संचालक मंडळात आडते-व्यापाऱ्यांच्या जागा फक्त दोन, हमाल-मापाड्यांची एक, सोसायट्या आणि ग्रामपंचायतींच्या पंधरा. कागदावर शेतकऱ्यांचं राज्य. तरी दुकानं उघडायची की नाही हे ते दोघं आणि त्यांच्यामागचा बाजार ठरवतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हमीभावाखाली खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि ५०,००० रुपये दंड अशी तरतूद येणार म्हटल्यावर राज्यातल्या अनेक मोंढ्यांत व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली. हंगामात आठवडाभर सौदे थांबले तर पहिली तडफड शेतकऱ्याची होते, शेठची नाही.

शहराला या वर्गाने काय दिलं, यावर लातूरकर दोन्ही बाजूंनी बोलतात आणि दोन्ही खरं आहे. लिंगायत, मारवाडी, कोमटी आणि अलीकडे मराठा घरांतल्या पेढ्यांनी मोंढ्यातला नफा डाळ मिलमध्ये घातला. १०० किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ, उरलेल्यातली चुनी-भुसा जनावरांच्या खाद्याला. म्हणजे माल कच्चा बाहेर जात नाही, मजुरी इथेच पडते, चुनी पुन्हा खेड्यातल्या म्हशीपुढे जाते. एका ढिगावर हमाल, मापाडी, टेम्पोवाला, मिलचा मजूर, ओट्याखाली सांडलेला दाणा झाडून नेणारी बाई एवढे जगतात. दयानंदसारख्या शिक्षणसंस्थेच्या कारभारात व्यापारी घराण्यांचा मोठा वाटा राहिला, आणि त्या कॉलेजांमुळे दहावी-बारावीचं लातूर राज्यभर ओळखलं गेलं. हे श्रेय नाकारता येत नाही.

सध्या मात्र मोंढ्यातला पैसा मिलपेक्षा प्लॉटिंगकडे आणि ट्यूशनच्या पोरांसाठी बांधलेल्या होस्टेलांकडे जास्त जाताना दिसतो. होस्टेलचं भाडं दर महिन्याला येतं, मिलला तुरीच्या आयातीचा धाक. शेठच्या जागी कोणीही हेच करेल. पण स्वच्छता-प्रतवारीचं यंत्र, वाळवणीचा ओटा, लहान गोदाम यांत तो पैसा आला असता तर भाव आपोआप चढला असता आणि शेठची दलालीही. उदगीरच्या मोंढ्यात, वसमतच्या हळद बाजारात थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. वसमतला हळदीची प्रत हा वेगळा विषय, त्यात इथे शिरत नाही.

तिसऱ्या कामाबद्दल थोडक्यात. पट्टीचे पैसे ‘राहू द्या दुकानात, महिन्याला शेकडा एक देतो’ असं सांगितलं तर ठेवू नका. आडत्या शेतकऱ्याला आधी देतो आणि खरेदीदाराकडून त्याला पंधरा-वीस दिवसांनी मिळतं. एखादा मोठा खरेदीदार बुडाला की मधली पेढी बसते, आणि तुमच्या ठेवीला ना तारण ना विमा. वहीतल्या ओळीवर कोर्टात उभं राहणं अवघड असतं. पट्टीचे पैसे अडकले तर मात्र काटापट्टी (वजनाची पावती) आणि हिशेबपट्टीची प्रत जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या. तोंडी तक्रार शेठच्या कानावर जाते, रजिस्टरवर जात नाही.

वेळेबद्दल शेवटचं. दिवाळीत वहीपूजनाच्या आसपास मोंढा काही दिवस बंद असतो, आणि उघडल्यावर पहिल्या दिवशी टेम्पोंची रांग रस्त्यावर येते. त्या दिवशी ओट्यावर जागा नसते, हमाल मिळत नाहीत आणि खरेदीदार निवांत असतो. दोन-तीन दिवस जाऊ द्या. निघण्याआधी आडत्याला फोन करून ओट्यावर जागा आहे का एवढंच विचारा. भाव विचारलात तर तो पोटलीचाच सांगेल.